एमएच ०८ च्या सँट्रोबाई

रत्नागिरीत मारुती मंदिरच्या सर्कलला दहा मिनिटं उभे राहा. डोळे बारीक केलेल्या, नाक फेंदारलेल्या नव्या गाड्या एकामागून एक अंगावर येतील. त्यांच्या गर्दीतून एक उभट, ताठ मानेची गाडी कुणाला न दुखवता वाट काढत येईल. रंग मूळचा चंदेरी, आता जर्मनच्या जुन्या टोपासारखा. चाकांच्या वर जांभ्याच्या तांबड्या चिखलाची कायमची मेंदी. या सँट्रोबाई.

पूर्वेकडून येऊन या गावात रुजलेल्या त्या पहिल्या नव्हेत. त्यांच्या आधी ब्रह्मदेशचा थिबा राजा होता. त्याला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये त्याने देह ठेवला तोही इथेच. बाई मात्र स्वखुशीने आल्या, आणि हप्त्यांवर.

घराणं कोरियाचं, जन्म मद्रासकडचा. ह्युंदाई कंपनी १९९६ साली भारतात आली. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला तिने कारखाना घातला (हे नाव एका दमात म्हणणाऱ्याला कोकणी माणूस लगेच हुशार समजतो) आणि २३ सप्टेंबर १९९८ ला बाई लोकांपुढे आल्या. नाव ठेवलं ते फ्रान्सच्या समुद्रकाठच्या सेंट ट्रोपे या श्रीमंती गावावरून. त्या किनाऱ्यावर त्यांना कुणी नेलं नाही. वाट्याला रत्नागिरीची मांडवी आली, पण त्याबद्दल बाईंची तक्रार ऐकिवात नाही.

मूळ पुरुषाची गोष्ट या घराण्यात अजून सांगितली जाते. चुंग जु-युंग हा शेतकऱ्याचा मुलगा, त्याचं गाव आज उत्तर कोरियात आहे. बापाने गाय विकली होती. ते पैसे घेऊन हा पळाला. पुढे जहाजं बांधली, रस्ते बांधले आणि १९६७ मध्ये मोटार कंपनी काढली. म्हातारपणी त्या एका गायीचं देणं फेडायला तो १९९८ च्या जूनमध्ये ५०० गुरं ट्रकांत घालून सीमेपलीकडे घेऊन गेला, ऑक्टोबरमध्ये आणखी ५०१. या दोन खेपांच्या मधेच बाईंचा जन्म झाला. पावसाळ्यात आपल्याकडे डांबराची ऊब घ्यायला गुरं भर रस्त्यात बैठक मारतात. तेव्हा हॉर्न न वाजवता मुकाट थांबलेली सँट्रो दिसली, तर तो निव्वळ चालवणाऱ्याचा चांगुलपणा समजू नका. घराण्याचं ऋण आहे.

घराण्यात एक अवघड जागाही आहे. १९७५ ची थोरली लेक पोनी. तिचं रूप इटलीच्या ज्युजारोने रेखलेलं, इंजिन जपानच्या मित्सुबिशीचं. तिच्यामागची एक्सेल १९८६ साली अमेरिकेत गेली आणि पहिल्याच वर्षी १ लाख ६८ हजारांवर खपली. मग तक्रारी सुरू झाल्या. रात्रीच्या टीव्हीवर विनोद करणाऱ्यांनी तिच्यावर पोट भरलं. मला वाटतं, बाईंच्या वागण्यातला सावधपणा तिथून आला असावा. जाहिरातीत शाहरुख खान घेतला, तर त्याच्याच तोंडून आधी विचारून घेतलं की, ठाऊक नसलेल्या कंपनीची गाडी मी का मिरवू? पाहुण्यांनी खोड काढायच्या आत आपणच काढून दाखवावी, त्यातला प्रकार.

खोड काढायला जागा होतीच. तोवर मोटार म्हणजे मारुती ८००, खाली बसकी. ही बघावी तर उंच. कंपनी कौतुकाने ‘टॉल बॉय’ म्हणायची. आपल्याकडे म्हणाले, ‘कपाटाला चाकं लावलीत काय?’ बाई काही बोलल्या नाहीत. श्रावणातल्या ओल्या सकाळी शेजारची गाडी चोक ओढून ओढून खोकत होती, तेव्हा त्या एका किल्लीत सुरू झाल्या. कार्ब्युरेटरचा संसार त्यांनी कधी केलाच नाही; पहिल्यापासून एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा.

पण रत्नागिरीने त्यांना घरात घेतलं ते इंजिनामुळे नव्हे, त्याच कपाटामुळे. कोकणातल्या जुन्या घरात शिरताना वाकावं लागतं, नाहीतर चौकट कपाळावर शिक्का मारते. गुडघे धरलेल्या आजी तीच सवय घेऊन गाडीपाशी यायच्या, वाकायच्या, आणि नातू म्हणायचा, ‘आजी, वाकू नकोस गो, सरळ बस.’ खुर्चीत टेकावं तशा आजी टेकायच्या. अंबाडा छताला लागत नाही, पदर दारात अडकत नाही. त्या दिवसापासून आजींच्या लेखी बाकीच्या सगळ्या गाड्या ‘त्या खड्ड्यातल्या’.

आणि गणपती! चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मूर्तींच्या कारखान्याबाहेर गर्दी पाहा. पुढची सीट मागे सरकवलेली, मांडीवर पाट, पाटावर मूर्ती, वर रुमाल. मुकुट आणि छत यांत चार बोटं अंतर शिल्लक. हे अंतर बाईंच्या अंगावरचा दागिना आहे. त्या संध्याकाळी त्या पहिल्या गियरमध्ये अशा चालतात की, खड्डाही आपण होऊन बाजूला सरावा.

रुसवा एकच, टायमिंग बेल्टचा. हा दातेरी पट्टा वेळेवर बदलला नाही तर बाई भांडत नाहीत, कुरकुरतही नाहीत. एक दिवस हातखंब्याच्या अलीकडे अबोला धरतात. उद्यमनगरातला मेकॅनिक मग मालकाकडे असा बघतो, जसा डॉक्टर साखर लपवणाऱ्या पेशंटकडे.

मत्सर मात्र होता. कोरियाचीच देवूची मॅटीझ, वाटोळ्या डोळ्यांची, रूप पुन्हा ज्युजारोच्या घरातलं. कॉलेजातली पोरं तिच्याकडे वळून बघत. मग देवूच बुडाली. मॅटीझचाच पुढचा अवतार शेवरोले स्पार्क म्हणून तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात, म्हणजे घाटमाथ्यावर आपल्याच राज्यात, निघू लागला. २०२० च्या अखेरीस तो कारखानाही थंडावला. २०२३ मध्ये तो विकत घ्यायचा करार केला कुणी? ह्युंदाईने. सवतीच्या माहेरचं घर सातबाऱ्यासकट घेतल्यावर बाई काय म्हणाल्या असतील, हे ज्याने भावकीचे वाद पाहिलेत त्याला सांगायला नको.

बाईंचं उत्पादन २०१४ च्या अखेरीस थांबलं. २०१८ मध्ये त्यांच्या नावाने एक नवी गाडी आणली, रुंद तोंडाची. चार वर्षांत तीही गेली. बाईंनी तिला नात म्हणून ओळख दिल्याचं मी पाहिलेलं नाही.

पंधरा वर्षं उलटलेल्या बाई अजून आरटीओत फेरतपासणीला जातात, पर्यावरण कर भरतात आणि पाच वर्षांचं आयुष्य मागून आणतात. फक्त खालच्या बाजारातून थिबा पॅलेसकडे चढताना, आत पाच माणसं असली की, एक जुना विधी पाळावा लागतो. चालवणारा न बोलता एसी बंद करतो. चारी काचा खाली येतात. मागच्या सीटवरच्या आजी, बाईंना तेवढाच हातभार म्हणून, पदर आवरून पुढे झुकतात. दुसरा गियर, एक लांब हुंकार. वर सपाटी लागली की आजी मागे टेकतात आणि म्हणतात, ‘चढली हो! लाव आता तुझी ती थंडी.’