बेचाळीस फुटांचं रिंगण

प्रिय दादा,



तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. पोरीला सर्कस शिकायची आहे, याचा तुला राग आलेला दिसत नाही. लहानपणापासून ती मल्लखांबावर आहे, तेव्हा तिचा कल तुला ठाऊक आहेच. तुला खुपतोय तो शाळेच्या नावातला ‘फिरती’ हा शब्द. शिकायचंच असेल तर इमारत असलेल्या, वसतिगृह असलेल्या, एका जागी ठाम उभ्या असलेल्या शाळेत शिकावं. आज या गावी, उद्या त्या गावी तंबू ठोकत हिंडणाऱ्यांबरोबर कसलं शिक्षण होणार, असं तू विचारतोस. मला वाटतं, नेमकं तिथेच तुझं चुकतंय. अंग एका जागी घडवता येतं. सर्कस मात्र फिरतीवरच शिकता येते, कारण तिचं निम्मं ज्ञान प्रवासातच साठलेलं आहे. त्याला मी एकच अट जोडते आणि ती पुढे सविस्तर लिहिते: शिकणारी व्यक्ती सज्ञान हवी, आणि नको वाटलं त्या दिवशी तिला सामान उचलून घरी येता आलं पाहिजे.

सर्कशीचं रिंगण किती मोठं असतं, हे बघ. इंग्लंडमधल्या फिलिप ॲस्टलीने १७६८ साली लंडनमध्ये घोड्यावरचे खेळ सुरू केले. गोल फेरीत घोडा दौडत असला की पाठीवर उभ्या राहिलेल्या माणसाला तोल सावरणं सोपं जातं, हे त्याने हेरलं होतं. अनुभवाने ठरत गेलेला त्या गोलाचा व्यास ४२ फूट, आणि जगभरच्या तंबूंनी पुढे तोच उचलला. खाली काळी माती असो की मुरूम, पॅरिस असो की मिरज, रिंगण तेवढंच. बाकी सगळं रोज बदलतं. ओल्या मातीत खुंट ढिला होतो. सुती दोर भिजला की आखडतो, ताण बदलतो आणि झोक्याची चाल बदलते. दमट हवेत तळवे घामाने निसटतात. तारेवर चालणारी मुलगी समोरच्या एका बिंदूवर नजर रोवून तोल धरते. नव्या गावात तो बिंदू नवा असतो, त्याच्यामागचा दिवा नवा असतो. एकाच दालनात वर्षानुवर्षं सराव केलेल्या शरीराला त्या दालनाचीही सवय लागते, आणि ती सवय आपल्याला लागली आहे हे त्याला कळतसुद्धा नाही. फिरती ही सवय मोडून काढते. करामत जागेपासून सुटी झाली, की मगच ती खऱ्या अर्थाने आपली झाली.

आणि खुंट ठोकणं, खांब उभे करणं, दोर ताणणं ही हलकी कामं आहेत असं मनात आणू नकोस. आपण ज्या दोरावर लटकणार तो कुठे बांधलाय, कुणी बांधलाय, गाठ कोणती मारलीय, हे ज्याला कळत नाही तो दुसऱ्याच्या भरवशावर जीव टांगतो. झोक्याच्या खेळात उडणारा सगळ्यांना दिसतो, पण पलीकडे उलटा लोंबकळून त्याचे हात झेलणारा माणूस त्याच्याइतकाच मोठा कलावंत असतो. दोघांच्या झोक्यांची लय जुळायला महिने लागतात. नवशिक्याच्या कमरेला पट्टा असतो, त्याची दोरी वरच्या कप्पीतून खाली आलेली असते आणि दुसरं टोक शिकवणाऱ्याच्या हातात असतं. जाळीत पडायचं ते पाठीवर, पायांवर कधीच नाही, हा पहिला धडा. उडणं त्यानंतर. हे सगळं जिथे सोबत राहून, सोबत तंबू उभारून, सोबत जेवून होतं, तिथे दोरी धरणाऱ्यावरचा विश्वास शिकवावा लागत नाही. माझ्या मते हाच फिरत्या शाळेचा सर्वांत मोठा विषय आहे, जरी तो कुठल्या अभ्यासक्रमात छापलेला नसला तरी.

तू म्हणशील, हे विलायती कौतुक झालं. पण भारतीय सर्कशीची गोष्ट तर आपल्याच मुलखातून सुरू होते. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे कुरुंदवाड संस्थानच्या पदरी घोड्यांचे शिक्षक होते. त्यांनी मुंबईत २० मार्च १८८० रोजी ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ केला, आणि भारतीय सर्कशीचा आरंभ तिथून मोजला जातो. ग्वाल्हेरला ते हद्दू खाँसाहेबांकडे गाणंही शिकले होते. पुढे आपल्या या गुरूचे चिरंजीव रहिमत खाँ यांना त्यांनी आपल्याजवळ सांभाळलं, सर्कशीबरोबर गावोगाव नेलं. ज्या मुक्कामी दुपारी घोडे फिरवले जात होते, त्याच मुक्कामी भूगंधर्व रहिमत खाँ गात होते, हे मला फार मोलाचं वाटतं. गाण्याचं घराणं आणि कसरतीचा तंबू एकाच गाडीतून फिरले आणि कुणाचंच काही बिघडलं नाही. नाटकमंडळ्यांचंही तेच. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत गेले ते गायक-नट म्हणून घडण्यासाठी, आणि ती मंडळी काही एका गावात बसून नव्हती. दौरा हीच शाळा, बिऱ्हाड हेच वसतिगृह. त्या शिक्षणाला आपण आज थोर परंपरा म्हणतो. मग तंबू आला की आपल्या कपाळावर आठी का पडते?

तुझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मीच देते, म्हणजे टाळला असं वाटायला नको. १८८०च्या दशकाच्या अखेरीस छत्र्यांची सर्कस मलबारात थलश्शेरीला पोचली. आपण जिला तेलिचेरी म्हणतो तीच. तिथे कसरत आणि कळरी ही तिथली युद्धकला शिकवणारे कीळेरी कुन्हिकण्णन त्यांना भेटले. कुन्हिकण्णन यांनी १९०१ साली थलश्शेरीजवळ चिरक्कर इथे सर्कशीची रीतसर शाळा काढली. ही शाळा फिरती नव्हती, आणि तरी तिच्यातून भारतीय सर्कशींना लागणारे कलावंत पिढ्यान्‌पिढ्या मिळत गेले, इतके की थलश्शेरीला भारतीय सर्कशीचं माहेर म्हणतात. म्हणजे एका जागी शिकता येतं, हे सिद्ध झालं ना? अर्धंच झालं. तिथे मुलांचं अंग तयार होई, आणि मग ती फिरत्या तंबूंत जाऊन सर्कस शिकत. शाळेच्या दाराशी तंबूंची रांग होती म्हणून शाळा जगली. केरळ सरकारने २०१० साली त्याच थलश्शेरीत सर्कस अकादमी उघडली. हेतू चांगला होता, गावही तेच होतं, पण ती काही वर्षांतच बंद पडली. तोवर सर्कशींची संख्या पार रोडावली होती. शिकून जायचं कुठे, याचं उत्तर ज्या शाळेच्या बाहेर उभं नसतं, तिच्या आत मुलं येत नाहीत.

फ्रान्सने हे ओळखलं असं मला दिसतं. विदूषकांच्या प्रसिद्ध घराण्यातल्या ॲनी फ्रातेल्लिनी यांनी १९७४ साली पॅरिसमध्ये शाळा काढली. तिच्याबरोबर स्वतःचा तंबूही उभा केला आणि शिष्यांना दौऱ्यावर नेलं. पुढे १९८५ साली शालाँ गावात, १८९९ सालच्या दगडी सर्कसघराच्या आधाराने, सरकारचं राष्ट्रीय सर्कस केंद्र सुरू झालं. इमारत, अनुदान, पदवी, तुला हवं ते सगळं तिथे आहे. पण तिथलंही शिक्षण पुरं होतं ते निरोपाच्या प्रयोगाने, आणि तो प्रयोग दौऱ्यावर जातो. अशाच विद्यार्थ्यांनी नृत्यदिग्दर्शक जोसेफ नाज यांच्याबरोबर १९९५ साली केलेला प्रयोग इतका गाजला, की फ्रान्समधल्या नव्या सर्कशीचा इतिहास लिहिताना त्याचं नाव घ्यावंच लागतं. अमेरिकेत व्हर्मॉन्टमध्ये १९८७ साली सुरू झालेली ‘सर्कस स्मर्कस’ तर किशोरवयीन मुलांना दर उन्हाळ्यात तंबूसह गावोगाव नेते. जिथे पैसा आणि पक्क्या भिंती दोन्ही आहेत, तिथेही फिरणं टाळलेलं नाही.

आता तुझ्या मनातली खरी भीती. तू ती एका ओळीत उरकलीस, पण मी तशी उरकणार नाही. आपल्या सर्कशींमध्ये लहान मुलांचे हाल झाले. नेपाळमधून आणि आपल्याकडच्या गरीब भागांतून मुलं-मुली आणली गेली, आईबापांच्या अंगठ्यांवर वर्षानुवर्षांचे करार झाले, आणि त्या पोरांना परतीची वाट नव्हती. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०११ रोजी निकाल दिला, आणि सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यास मनाई करण्याचे आदेश निघाले. हा निकाल सर्कशीच्या मुळावर आला असं म्हणणारे आहेत. मला तसं म्हणवत नाही. जी कला बांधून ठेवलेल्या लेकरांच्या जोरावरच जगू शकते, तिने जगू नये. पुण्यात १९०२ साली जन्मलेले दामू धोत्रे पोरवयातच मामांच्या सर्कशीत गेले आणि १९४० साली अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सच्या रिंगणात वाघ-सिंहांसमोर उभे राहिले. त्यांचा मला अभिमान आहे, पण आज एखाद्या पोराला त्या वयात त्या वाटेने पाठवावं असं मी म्हणणार नाही. (वाघ-सिंहांचे खेळ तर सरकारने १९९८च्या अधिसूचनेने बंदच केले, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. ते योग्यच झालं. आज मुख्यतः उरलंय ते माणसाचं अंग आणि त्याचा तोल.)

पण त्या अन्यायाचं मूळ फिरण्यात होतं का, हे नीट तपासायला हवं. त्या मुलांवर अन्याय झाला तो बंदिस्तपणातून. वय कोवळं, करार दुसऱ्याने केलेला, पगार हाती नाही, दार बंद. हेच चार प्रकार एखाद्या पक्क्या इमारतीच्या वसतिगृहातही घडतात, आणि घडले आहेत. भारतीय सर्कशींतून सुटून नेपाळला परतलेल्यांपैकी काही जण मोठे झाल्यावर एकत्र आले आणि त्यांनी २०१० साली ‘सर्कस काठमांडू’ उभी केली. हे सर्वांनी केलं नाही, आणि ज्यांनी सर्कशीकडे पाठ फिरवली त्यांना तसा पूर्ण हक्क होता. पण ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यातल्याच काहींनी, सज्ञान झाल्यावर, स्वतःच्या मर्जीने तीच कला आणि तोच प्रवास पुन्हा निवडला. अन्याय वेगळा आणि विद्या वेगळी, याची याहून खात्रीची साक्ष मला माहीत नाही. आपली पोर एकोणीस वर्षांची आहे. सही तिची असेल.

अठरानंतर अंग वळत नाही, मग उशीर नाही का झाला, असंही तू विचारलंस. जिने कधी उडीच मारली नाही तिला उशीर झाला असता. मल्लखांबाने तिच्या खांद्यांत, मनगटांत, पोटाच्या स्नायूंत ते वळण आधीच पेरलंय. दोरीचा मल्लखांब आणि सर्कशीतली लोंबती दोरी या सख्ख्या बहिणी आहेत. पायाच्या बोटांनी दोर पकडायची जी कला आपल्या आखाड्यात पोरं सहज करतात, ती तिकडे नव्याने शिकवावी लागते. कोवळ्या वयातलं काम घरी राहून, शाळा न बुडवता झालं. कायदा आणि कला दोघांनाही पटेल असा याहून चांगला क्रम मला सुचत नाही.

दुखापतीबद्दल मी तुला खोटा धीर देणार नाही. आल्फ्रेडो कोडोना हा झोक्याचा राजा. १९२० साली त्याने हवेत तीन कोलांट्या घेऊन झेलणाऱ्याचे हात पकडले, आणि वर्षानुवर्षं तो ते करत राहिला. १९३३ साली तीच करामत करताना त्याचा खांदा फाटला आणि त्याचं उडणं कायमचं संपलं. जगातल्या सर्वांत तयार माणसाचं असं झालं, तर धोका नाही असं कोण म्हणेल? पण धोका कमी करण्याचं शिक्षण पुस्तकातून मिळत नाही, तंबू उभारताना मिळतं. आणि खांदा थकल्यावर पुढे काय, या प्रश्नालाही कुन्हिकण्णन यांचं आयुष्य उत्तर देतं: त्यांचं नाव राहिलं ते शिकवणारे म्हणून. दोर-कप्पी-जाळीचं ज्ञान असलेल्या माणसाला नाटकाच्या रंगमंचावर आणि चित्रपटातल्या साहसदृश्यांतही काम असतं. प्रमाणपत्राचं मी फारसं मनावर घेत नाही. रिंगणात कुणी ते मागत नाही.

तेव्हा तिला थोपवू नकोस, पण सही करण्याआधी शाळेला काही गोष्टी लेखी विचार. करार किती महिन्यांचा, आणि मध्येच सोडल्यास दंड आहे का? दंड असेल तर तिथेच थांब. विमा कुणाच्या नावाने, आणि दवाखान्याचा खर्च कोण उचलणार? जाळी आणि दोर किती दिवसांनी तपासतात, आणि तपासणीची वही ठेवतात का? प्रयोगाचे पैसे शिकणाऱ्यांना मिळतात का, की ते फुकटचे हात समजले जातात? मुलींची राहायची सोय कशी, तिचं ओळखपत्र आणि पासपोर्ट तिच्याच पेटीत राहील ना? सुट्टीत शाळा ज्या गावी असेल तिथे तू आणि वहिनी दोन दिवस जाऊन या, पण खेळ बघायला नव्हे. खेळ संपल्यावर तंबू उतरवतात तेव्हा हजर राहा. कोण काय उचलतो, कोण कुणावर ओरडतो, आणि शेवटचा दोर कोण तपासतो, ते बघा. करारपत्राची प्रत मला टपालाने पाठव. ओळ न्‌ ओळ वाचून परत लिहीन.

वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझी,
धाकटी बहीण