मध्यंतरालाच उठून गेला

२०२५ च्या मे महिन्यातील एक रात्र माझ्या मनातून जात नाही. तारीख २१. स्पेनमधील बिलबाओ शहरात युरोपा लीग स्पर्धेचा अंतिम सामना होता आणि आपल्या घड्याळाप्रमाणे तो मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुरू होणार होता. घरात आई आणि सौभाग्यवती झोपलेल्या, टीव्हीचा आवाज जवळजवळ बंद, आणि समोर मी व चिरंजीव. तो पुण्यात सी. ए.ची आर्टिकलशिप करतो. या सामन्यासाठी मुद्दाम दोन दिवसांची रजा काढून तो कोल्हापूरला आला होता. तो शाळेत जाऊ लागल्यापासून मँचेस्टर युनायटेडचे सामने आम्ही दोघे असेच शेजारी बसून पाहत आलो आहोत.

४२ व्या मिनिटाला टॉटनहॅमने गोल केला. तसा तो काही देखणा गोल नव्हता. गोलासमोरच्या गोंधळात चेंडू कसाबसा आत ढकलला गेला. मध्यंतर झाले. मुलगा उठला, तांब्याभर पाणी घेऊन आला आणि म्हणाला, ‘‘पप्पा, मी झोपतो. झालं हे.’’

‘‘अरे, अजून अख्खा उत्तरार्ध राहिलाय!’’

‘‘तुम्ही बघा. हे आता परत येत नाहीत. आणि ते त्यांनाच माहीत आहे.’’

तो आत गेला. मी शेवटपर्यंत बसून राहिलो. एक शून्य, तेवढ्यावरच सामना संपला. त्या मोसमात टॉटनहॅमशी चार वेळा गाठ पडली आणि चारही वेळा आम्ही हरलो. बरे, टॉटनहॅम म्हणजे कोणी अजिंक्य संघ होता असेही नाही. इंग्लंडच्या लीगमध्ये ते त्या वर्षी सतराव्या क्रमांकावर राहिले आणि आम्ही पंधराव्या. वीस संघांत पंधरावे! ३८ सामन्यांत १८ पराभव, गुण अवघे ४२. १९७४ मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला होता, त्यानंतर एवढी वाईट जागा कधी पाहावी लागली नव्हती.

मी ‘आम्ही’ असे लिहितो आहे याचे काही वाचकांना हसू येईल. शाहूपुरीतला गुळाचा अडत्या कोण आणि मँचेस्टर कुठले! पण कोल्हापूरकराला फुटबॉलचे वेड कसे लागते हे वेगळे सांगायला नको. आमचे घर शुक्रवार पेठेत. आमच्या अण्णांनी स्वतः कधी चेंडूला पाय लावला नसेल, पण शाहू स्टेडियमवर लीगचा महत्त्वाचा सामना असला की दुकानाची किल्ली दिवाणजींकडे देऊन ते मला बरोबर घेऊन जात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे मी पाढ्यांबरोबरच शिकलो. आमच्या पेठेकडच्या मुलांचा संघ एकदा वाईट रीतीने हरला. दुसऱ्या दिवशी अण्णांबरोबर दुकानाकडे जाताना त्या संघातला एक खेळाडू रस्त्यात दिसला. आम्हाला पाहून तो बोळात वळला. अण्णा म्हणाले, ‘‘लाज वाटते आहे पोराला. पुढच्या वेळी नीट खेळेल.’’ मला तेव्हा त्या मुलाची दया आली होती. आज युनायटेडचे खेळाडू हरल्यावर मैदानावरून ज्या सहजतेने बाहेर पडतात ते पाहिले की तो बोळ आठवतो.

युनायटेडशी माझी गाठ २६ मे १९९९ च्या रात्री पडली. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. गुळाचा हंगाम उरकलेला होता, त्यामुळे पहाटेच्या सौद्याची चिंता नव्हती. एका मित्राच्या माडीवर आम्ही सातआठ जण जमलो होतो. बार्सिलोनाच्या मैदानावर युरोपचा सर्वोच्च सामना, समोर बायर्न म्युनिक. सहाव्याच मिनिटाला बायर्नचा गोल झाला. युनायटेडचे कीन आणि स्कोल्स हे मधल्या फळीचे दोन खांब बंदीमुळे बाहेर होते. नव्वद मिनिटे संपली तरी शून्य एकच. मित्रांपैकी तिघे घरी निघून गेले. मग भरपाईच्या वेळेत कॉर्नरवरून शेरिंगहॅमचा गोल आणि दोनेक मिनिटांत पुन्हा कॉर्नर, सोल्स्कयारचा गोल. आम्ही एवढे ओरडलो की खालच्या मजल्यावरचे आजोबा काठी घेऊन वर आले.

गोल दोन झाले हे खरे. पण माझ्या मनावर कोरले गेले ते त्या आधीचे पाऊण तास. पिछाडीवर असूनही त्या अकरांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर ‘झालं’ हा शब्द नव्हता.

हे एका रात्रीत आले नव्हते. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन १९८६ च्या नोव्हेंबरात तिथे आले आणि पहिली साडेतीन वर्षे त्यांच्या हाती एकही चषक लागला नाही. १९९० मध्ये एफ. ए. कप मिळाला, आणि लीगचे विजेतेपद आले ते १९९३ मध्ये, तब्बल २६ वर्षांच्या खंडानंतर. त्यांनी आल्याबरोबर कोवळ्या मुलांना हेरून वाढवण्याची व्यवस्था उभी केली. कपडे धुणाऱ्या बायकांपासून जेवण वाढणाऱ्यांपर्यंत प्रत्येकाला ते नावाने ओळखत असत, असे त्यांच्याविषयी सांगतात. आपल्या जुन्या पेढ्यांवरील वडीलधाऱ्यांची रीत याहून निराळी नव्हती. २०१३ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या खात्यावर १३ लीग विजेतेपदांसह ३८ चषक होते. त्यानंतर लीगचे एकही नाही.

त्यांच्या जागी २०२५ पर्यंत, हंगामी माणसे सोडली तर, सहा प्रशिक्षक आले. पहिल्याला सहा वर्षांचा करार दिला आणि दहा महिन्यांत घरी पाठवले. दुसऱ्याने एफ. ए. कप जिंकून दिला आणि दोनच दिवसांत त्याची गच्छंती झाली. नव्या मुनिमाने यावे, आपल्या आवडीचा माल भरावा, तो खपायच्या आत मुनीम बदलावा आणि त्याच्या मागून आलेल्याने म्हणावे की हा माल माझ्या कामाचा नाही. गोदामात असा किती माल पडून राहिला! खेळाडूंना नावे ठेवणे सोपे आहे, मीही रात्री दोन वाजता यथेच्छ ठेवली आहेत. पण दरसाल चांगला चाललेला खेळाडू बाहेरून आणावा आणि तो इथे येऊन कोमेजावा, असे इतक्यांदा घडले की दोष रोपाचा नसून मातीचा असावा, असे वाटू लागते.

मातीची कथा आपल्या वाचकांना लगेच कळेल. २००५ मध्ये एका अमेरिकन कुटुंबाने हा क्लब विकत घेतला. घेताना उचललेल्या कर्जाचा मोठा बोजा क्लबच्याच डोक्यावर ठेवला. म्हणजे दुकान घ्यायचे आणि त्यासाठी काढलेली रक्कम त्याच दुकानाच्या नावे मांडायची. त्याआधी क्लबावर कर्ज नव्हते. फर्ग्युसन होते तोवर विजयांच्या गजरात व्याजाचा आवाज ऐकू आला नाही. पुढे तो येऊ लागला. २०२४ च्या मे महिन्यात आर्सेनलविरुद्धच्या सामन्याच्या दिवशी पाऊस झाला तेव्हा ओल्ड ट्रॅफर्डच्या छपरातून प्रेक्षकांच्या बाजूला पाण्याची धार लागलेली साऱ्या जगाने पाहिली. बडा घर, पोकळ वासा, हे एवढे शब्दशः क्वचितच दिसत असेल. नवे भागीदार त्याआधीच आले होते, आणि काटकसर सुरू झाली. शेकडो नोकऱ्या गेल्या. मैदानावरील कर्मचाऱ्यांचे दुपारचे मोफत जेवण बंद करून त्याऐवजी फळे ठेवायचे ठरले. काटकसरीला आपण व्यापारी माणसे नावे ठेवणार नाही. पण मंदी आली म्हणून कोणी हमालाचा चहा बंद केला, तर त्या पेढीविषयी बाजारात काय बोलले जाते हेही आपल्याला ठाऊक आहे.

एक सामना मात्र मी अजून विसरू शकलेलो नाही. ५ मार्च २०२३, लिव्हरपूलच्या मैदानावर. आठवडाभर आधीच युनायटेडने लीग कप जिंकला होता आणि मी आशेवर होतो. मध्यंतराला एक गोल मागे. एक गोल म्हणजे काय, काहीच नाही! परंतु उत्तरार्धात दुसरा गोल बसला आणि मग कोणीतरी दोरा ओढावा तशी वीण उसवत गेली. सहा गोल ४५ मिनिटांत. एकूण सात शून्य. गुणवत्ता एका आठवड्यात आटत नाही. त्या दिवशी आटले ते दुसरेच काहीतरी. पहिला धक्का बसताच प्रत्येक जण दुसऱ्याकडे हात करून बोलू लागला, आणि आपल्या जागेवर मागे धावत यायचे कोणाच्याच मनात राहिले नाही. २०२५ च्या जानेवारीत तर खुद्द प्रशिक्षकानेच बोलून दाखवले की हा क्लबाच्या इतिहासातील कदाचित सर्वांत वाईट संघ असेल. खरे बोलला म्हणून मला तो आवडला, आणि ते इतक्या निवांतपणे बोलता आले म्हणून रागही आला.

असो. बिलबाओच्या त्या रात्रीनंतर सकाळी मुलगा माझ्याबरोबर दुकानात आला. हिशेबाचे दिवस होते. भोगावतीकाठच्या एका गावाहून आमचा जुना शेतकरी आपली पट्टी घ्यायला आला होता. त्याच्या वडिलांचा गूळ अण्णांकडे येई, त्याचा माझ्याकडे. पट्टी घडी घालून खिशात ठेवताना तो म्हणाला, ‘‘शेठ, पुढच्या सालापासून माल दुसरीकडं लावायचा विचार हाय.’’ मी म्हणालो, ‘‘बाजारच पडलाय हो. बाहेरचा गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जातो. आमच्या हातात काय आहे?’’ तो नमस्कार करून गेला.

दुपारी स्कूटरवरून घरी येताना मुलगा मागे बसला होता. पार्वती टॉकीजचा सिग्नल लागला तेव्हा म्हणाला, ‘‘पप्पा, राग येऊ देऊ नका. माणूस गेला तेव्हा तुम्हाला धक्का बसलाच नाही. कारण तुमच्याकडे आधीच तयार होतं.’’

मला राग आला. घरी येईपर्यंत मी बोललो नाही. जेवतानाही नाही. संध्याकाळी तो पुण्याच्या गाडीत बसला तेव्हा एक प्रश्न माझ्या ओठावर होता. गेली दोन वर्षे तो तिथेच आहे. सी. ए. झाल्यावर तू दुकानात येणार आहेस का? तो मी त्या दिवशीही विचारला नाही. मध्यंतरालाच उठून जाणाऱ्या मुलाचे उत्तर ऐकण्याची तयारी नव्हती.

नंतरचे काही दिवस मी आमच्या जुन्या वह्या पाहत होतो. अण्णांच्या काळी आमच्याकडे गूळ लावणारे किती, आज किती. अण्णा सौद्याच्या वेळी रव्यांच्या थप्पीशेजारी स्वतः उभे असत. पावसाळ्यात, हंगाम नसताना, गावोगाव जाऊन शेतकऱ्याच्या उसाची आणि घरच्या आजाऱ्याचीही चौकशी करून येत. मी शेवटचा कोणत्या गावी गेलो होतो ते मला आठवेना. दुकानाच्या पाटीवरचे साल मात्र मी येईल त्याला दाखवतो, जसा येईल त्याला १९९९ चा सामना सांगतो. जून संपताना भोगावतीकाठच्या त्या गावी जाऊन आलो. शेतकऱ्याने चहा दिला, ऊस दाखवला, सगळे ऐकून घेतले. ‘‘बघू, शेठ,’’ एवढेच म्हणाला.

ऑगस्टमध्ये नवा मोसम सुरू झाला. पहिलाच सामना आर्सेनलशी, घरच्या मैदानावर, पराभव. मुलाचा फोन आला नाही, मीही केला नाही. मग २७ तारखेला, गणेश चतुर्थीच्या रात्री, ग्रिम्सबी नावाच्या चौथ्या श्रेणीतल्या संघाशी लीग कपचा सामना होता. रस्त्यावरचे ताशे थांबले तेव्हा मी टीव्ही लावला. मध्यंतराला दोन शून्यने मागे! मीच उठणार होतो. परंतु बसलो. ७५ व्या मिनिटाला एक गोल फिटला, आणि सामना संपता संपता मग्वायरने हेडर मारून दुसरा फेडला. पेनल्टी सुरू झाल्या. आमचा प्रशिक्षक डगआउटमध्ये मान खाली घालून बसला होता, मैदानाकडे पाहतच नव्हता. एकामागून एक पेनल्टी होत गेल्या आणि अखेर बारा अकरा असे आम्ही हरलो.

अडीच वाजून गेले होते. मी दिवा मालवत होतो, तेवढ्यात फोन उजळला. पुण्याहून निरोप होता : ‘पप्पा, शेवटपर्यंत बघितलात?’

मी लिहिले, ‘हो. तू?’

‘मी पण.’ आणि थोड्या वेळाने पुन्हा : ‘त्या भोगावतीवाल्या काकांचं काय झालं?’