दुखरी जागा

शीळफाट्याला राहणाऱ्या माणसाला झोपेतसुद्धा गाड्यांचे आवाज ओळखू येऊ लागतात. जुना मुंबई-पुणे रस्ता आणि कल्याणचा रस्ता इथे मिळतात. अवजड वाहनांची रांग रात्रीही तुटत नाही. पण आवाज ओळखणे निराळे आणि दुखणे ओळखणे निराळे!

गेल्या दिवाळीच्या तोंडावर माझ्या मेहुण्याची जुनी पिकअप कण्हू लागली. तो कल्याणच्या बाजारात झेंडू पोहोचवतो. वर्षाची मुख्य मिळकत त्या चार दिवसांवर. गाडी सुटताना थरथरे आणि वेग घेतला की घुमे. एका कारागिराने गिअरबॉक्स उघडायला सांगितला. बिचाऱ्याचा चेहराच उतरला.

फाट्यावरच्या वृद्ध मिस्त्रींनी मात्र आधी पाना उचलला नाही. पहाटे रस्ता मोकळा असताना ते त्याच्या शेजारी बसले. मी मागे हौद्यात. गाडीने वेग घेताच त्यांनी गिअर न्यूट्रलला घ्यायला लावला. एंजिन मंदावले, घुमणे मात्र चाकांच्या वेगाबरोबरच राहिले. एंजिन निर्दोष सुटले! वळणावरही आवाज पालटेना. चाकाच्या बेअरिंगवरचा संशयही बराचसा फिटला.

मग सपाट जागी एंजिन बंद करून, चाकांना दगड लावून ते खाली शिरले. गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंत जाणारा लांब दांडा या गाडीत दोन तुकड्यांचा असतो. मध्ये तो रबरात बसवलेल्या बेअरिंगवर तोललेला. ते रबर फाटले होते. हाताने हलवताच दांडा वरखाली झाला. जोडातल्या क्रॉसच्या टोपीपाशी तांबूस भुकटी होती. ग्रीस आटून आतल्या सुया गंजल्याची ती खूण.

"मास्तर, नुसतं बेअरिंग बदललं तर तेही जाईल," मिस्त्री म्हणाले. "क्रॉस ढिला म्हणून दांडा डुलतो, आणि दांडा डुलतो म्हणून बेअरिंग मरतं. धावत्या गाडीत दांडा निखळला असता म्हणजे?"

वर्गात ओरडणारे पोर एक आणि त्याला चिमटा काढणारे दुसरेच, हे आम्हां शिक्षकांना का ठाऊक नसते!

दांडा उतरवण्यापूर्वी त्यांनी माझ्या खिशातला खडू मागून घेतला आणि जोडांवर खुणा केल्या. होता तसाच बसला नाही, तर नवे सामानही थरथरते.

धनत्रयोदशीच्या पहाटे गाडी झेंडू घेऊन गेली. मिस्त्रींच्या बिलात क्रॉस, बेअरिंग आणि मजुरी होती. ऐकण्याचे पैसे त्यांनी कुठेच लावले नव्हते.