जुन्या पद्धतीची द्या

1
6 मे 1806. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावचं एक वृत्तपत्र. निवडणूक हरलेल्या उमेदवाराचा जमाखर्च छापलाय. खर्चात 411 ग्लास बिटर्स, 25 कॉकटेल आणि हातची गेलेली निवडणूक. जमेत काही नाही.

2
कॉकटेल म्हणजे काय, एका वाचकानं विचारलं. 13 मेच्या अंकात संपादकांनी सांगितलं: कोणतंही मद्य, साखर, पाणी, बिटर्स. ओल्ड फॅशन्ड या कॉकटेलला आजही एवढंच लागतं. मद्य म्हणजे व्हिस्की, इतकंच ठरलेलं.

3
पंच या पेयाचं नाव आपल्या 'पाच'वरून गेलं, असं बरेच जण मानतात. पाच जिन्नस. कॉकटेलचे चार.

4
योहान सीगर्ट, जर्मन डॉक्टर, स्वातंत्र्यसेनानी सिमोन बोलिव्हारच्या फौजेत. व्हेनेझुएलातल्या अंगोस्तुरा गावी 1824 मध्ये त्यानं सैनिकांच्या पोटासाठी कडू अर्क, म्हणजेच बिटर्स, तयार केला. 1846 मध्ये गावाला बोलिव्हारचं नाव दिलं. 1875 मध्ये कारखाना त्रिनिदादला गेला. गावाचं जुनं नाव बाटलीवर राहिलं.

5
त्या अर्कात जेन्शनचं मूळ असतं. आपलं काडेचिराईत त्याच कुळातलं. ताप आला की आजी रात्री काड्या भिजत घालायची आणि सकाळी ते पाणी प्यायला लावायची. जिभेच्या मुळाशी बसणारा तो कडूपणा इथे ओळखीचा लागतो.

6
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बारवाले व्हिस्की कॉकटेलमध्ये क्युरासाओ, मारास्किनो, आब्सांथ अशी इतर मद्यंही घालू लागले. काही गिऱ्हाइकं म्हणाली, आम्हाला जुन्या पद्धतीची द्या. तेच नाव पडलं. पुढे बुटक्या, जाड बुडाच्या ग्लासलाही तेच.

7
हे पेय आपल्याकडे जन्मलं, असं लुईव्हिलचा पेंडेनिस क्लब सांगतो. क्लबची स्थापना 1881. 'ओल्ड-फॅशन्ड कॉकटेल्स' हे शब्द शिकागोच्या वृत्तपत्रात छापून आले 1880 मध्ये.

8
कृती. ग्लासात साखरेचा एक क्यूब. त्यावर अंगोस्तुराचे दोन-तीन शिंतोडे. पांढरा क्यूब तांबूस होतो, कडेनं ढासळतो. चमचाभर पाणी घालून घोटायचं. घाई इथेच नडते, साखर विरघळलीच पाहिजे, नाहीतर शेवटी तळाशी कचकच उरते. मग 60 मिली बोर्बन किंवा राय व्हिस्की. बोर्बनच्या धान्यात किमान 51 टक्के मका, अमेरिकी रायमध्ये तेवढंच राय धान्य. म्हणून बोर्बन गोडसर, राय तिखट. मला राय आवडते. बर्फाचा एक मोठा खडा टाकून अर्धा मिनिट ढवळायचं. शेकरमध्ये हलवायचं नाही.

9
संत्र्याची साल रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी कापून ग्लासावर पिळायची, बाहेरची बाजू खाली. तेलाचा बारीक फवारा उडतो. शाळेत हीच साल आपण मित्राच्या डोळ्यांसमोर पिळलेली असते.

10
नागपुरी संत्र्याची साल सैल, पातळ, हातानं सुटते. इथे घट्ट, जाड सालीचं संत्रं बरं.

11
विस्कॉन्सिनमध्ये ओल्ड फॅशन्ड मागितली की ब्रँडीची येते. वर सोडाही असतो.

12
आता बर्फ. 1833 मध्ये फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्यानं बोस्टनहून कलकत्त्याला जहाजानं बर्फ पाठवला. सुमारे 180 टन निघाला, 100 टनांच्या आसपास पोहोचला; उरलेल्याचं वाटेतच पाणी झालं. पुढे मुंबईतही त्या बर्फासाठी बर्फघर बांधलं गेलं.

13
चार जिन्नसांत पाण्याला कोणी मोजत नाही. मला ते व्हिस्कीइतकंच मोलाचं वाटतं. पहिला घोट झोंबतो. दहा मिनिटांनी बर्फाच्या खड्याच्या कडा गोल होतात, आणि तोवर झाकलेला ओकच्या पिंपाचा वास वर येतो.