हिरव्या शिळेवरची कलमं

चि. सानिका,


तू विचारलेली ती हिरवी शिळा म्हणजे झारखंडच्या खुंटी भागातली पत्थलगडी. पूर्वजांच्या स्मरणार्थ किंवा गावाची शीव दाखवण्यासाठी दगड उभारणं ही मुंडा आदिवासींची जुनी रीत. २०१७-१८ मध्ये गावोगावी त्याच दगडांवर राज्यघटनेची कलमं उतरली आणि सरकारने राजद्रोहाचे गुन्हे दाखल केले. मला तर वाटतं, घटना इतकी मनावर घेणारे नागरिक आपल्याकडे थोडेच.

त्यांनी कलमांचा अर्थ चुकीचा लावला, हा आक्षेप खरा आहे. तेराव्या कलमात कायद्यात रूढीही धरली आहे, पण ती मूलभूत हक्कांच्या आड आली तर बाद व्हावी म्हणून. शिळेवर मात्र रूढी हाच कायदा झाला. एकोणिसाव्या कलमाने आदिवासींच्या हितासाठी संचारावर वाजवी निर्बंध घालायची मुभा सरकारला दिली. शिळेने ती ग्रामसभेला देऊन टाकली. पण असा अर्थ लावायची वेळ का आली? जमीन घेण्याआधी ग्रामसभेला विचारा, असं सांगणारा पेसा कायदा १९९६ चा. झारखंडने तोवर त्याचे नियमसुद्धा केले नव्हते. उलट २०१६ मध्ये, आदिवासींची जमीन राखणाऱ्या १९०८ च्या छोटानागपूर कूळ कायद्यातच बदल करायला घेतला. राज्यपाल द्रौपदी मुर्मू यांनी (हो, आताच्या राष्ट्रपतीच) ते विधेयक परत पाठवलं, तेव्हा कुठे ते मागे घेतलं गेलं. कागदावरचा हक्क हाती येत नाही म्हटल्यावर लोकांनी तो दगडावर घेतला.

रूढीच कायदा झाली तर जमिनीच्या वारशात डावललेल्या बायकांचं काय, हा आक्षेप मला जास्त बोचतो. त्यावर शिळेकडे उत्तर नाही. मात्र १९९६ मध्ये छोटानागपूर भागातल्याच स्त्रियांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही रूढी रद्द केली नाही. जमिनीवर पोट भरायचा हक्क तेवढा राखला.

आणि फुटीरपणाचं म्हणशील, तर दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, गावात आम्हीच सरकार, असं गडचिरोलीचं मेंढा-लेखा किती वर्षं म्हणतंय. त्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने द्यायला केंद्रीय मंत्री गावात आले. खुंटीत मात्र पोलीस गेले. डिसेंबर २०१९ मध्ये झारखंडच्या नव्या सरकारने राजद्रोहाचे ते गुन्हे मागे घ्यायचं ठरवलं.

तुझी,
आत्या