जुन्या यंत्राला पेलेल इतके

नागपूरकर भोसल्यांच्या अमलात आणि त्यानंतरच्या काळात जी मराठी कुटुंबे छत्तीसगढात स्थिरावली, त्यांतील काहींची घरे रायपूरच्या तात्यापारा भागात अद्याप उभी आहेत. अशाच एका कौलारू घराचा व्यवहार नुकताच पूर्ण झाला. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, सह्या झाल्या, आणि दसऱ्यापूर्वी घर रिकामे करून द्यावयाचे ठरले. त्याबद्दल कोणी फारसे बोलत नव्हते. निवृत्त शिक्षक असलेले आजोबा तर मुळीच नाही. मात्र अकरावीतल्या नातवाने एके दिवशी मोजपट्टी घेऊन ओसरीपासून माजघरापर्यंतची मापे वहीत उतरविण्यास आरंभ केला. घर पडण्यापूर्वी ते संगणकात, तिन्ही मितींत, जसेच्या तसे उभे करावयाचे, असा त्याचा संकल्प होता.

संकल्पाला पहिली अडचण आली ती संगणकाचीच. घरातले यंत्र कोणा कार्यालयाच्या लिलावातून आलेले, बारीक कॅबिनेटचे. आत २०१२ सालचा कोअर आय-५ ३४७० हा प्रोसेसर. पत्रे लिहिणे, पेन्शनचे कागद पाहणे, क्वचित एखादे नाट्यगीत ऐकणे, एवढे काम त्याने वर्षानुवर्षे विनातक्रार केले होते. परंतु ब्लेंडर हा त्रिमितीय चित्रणाचा प्रोग्रॅम त्यावर उघडेचना. कारण साधे होते. त्या प्रोसेसरच्या पोटातील चित्रयंत्रणा ओपनजीएल ४.० पर्यंतच जाते, आणि ब्लेंडरने आपल्या ४.० या आवृत्तीपासून किमान ओपनजीएल ४.३ ची अट घातली आहे. जुनी आवृत्ती घेऊन काम भागले असते, हे खरे. पण मुलगा ज्या धड्यांवरून शिकत होता ते नव्या आवृत्तीचे होते. नवा संगणक घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा ग्राफिक्स कार्ड घ्यावयाचे ठरले, आणि आजोबांनी पेन्शनमधून सहा हजार रुपये बाजूला काढले.

अशा वेळी माणूस प्रथम कार्डांची तुलना करू लागतो. कोणते वेगवान, कोणाची स्मृती अधिक, याच्या याद्या तयार होतात. वस्तुतः कार्डाची चौकशी करण्यापूर्वी कॅबिनेटची चौकशी करावयास हवी, आणि ती सहसा कोणी करीत नाही. बारीक कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचे कार्ड उभे राहूच शकत नाही. अर्ध्या उंचीचेच, ज्याला दुकानदार लो प्रोफाइल म्हणतात, ते हवे. मदरबोर्डवरील लांब स्लॉट नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ७५ वॅट वीज देतो. त्याहून अधिक मागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी तार लागते, आणि अशा यंत्रांत ती तारच नसते. येथला एसएमपीएस २४० वॅटचा, तोही दशकभर रायपूरचे उन्हाळे सोसलेला. प्रोसेसरचे ७७ वॅट, त्यावर कार्ड, डिस्क, पंखा, अशी बेरीज आजोबांनी पाकिटाच्या पाठीवर केली. बेरीज २४० च्या आत बसत होती. तरीही त्यांनी मान हलविली. वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि उरला-सिलतराच्या कारखान्यांची काळी धूळ गच्चीवर बसते तशी यंत्रातही बसते, हे कोणत्याही तक्त्यात लिहिलेले नसते.

बाजारात गेल्यावर जयस्तंभ चौकाजवळच्या एका दुकानातील मुलाने कॅबिनेटचे छायाचित्र पाहताच म्हटले, ‘‘बाबूजी, डिब्बा छोटा है, इसमें बड़ा कार्ड नहीं जाएगा.’’ एवढे एक वाक्य ऐकविणारा विक्रेता लाखात एक समजावा. याआधी दुसऱ्या एका ठिकाणाहून नातवाने अर्ध्या उंचीचे जीटीएक्स १०५० टीआय कार्ड वापरलेले, स्वस्तात आणले होते. चार जीबी स्मृती, ७५ वॅट, २०१६ सालचे. कागदावर याहून योग्य काही नव्हते. पण जीपीयू-झेड या तपासणीच्या प्रोग्रॅमने ते खोटे ठरविले. कित्येक वर्षांपूर्वीच्या चिपवर नवे नाव चढविलेले होते. अशी बनावट नवीन नाही. पण पैसे परत मिळविण्यासाठी आजोबांना दोन हेलपाटे घालावे लागले.

उरलेल्या पर्यायांत आरएक्स ६४०० होते. ५३ वॅटचे हे कार्ड दिसावयास सोयीचे. परंतु त्याच्या वाट्याला चारच मार्गिका, त्याही चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसच्या हिशेबाने आखलेल्या. तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डवर त्यांची रुंदी निम्मी होते. इंटेलचे आर्क ए३८० तर रिसाइझेबल बार नावाच्या सोयीवाचून मंदावते, आणि ती सोय अशा जुन्या यंत्रांत नसते. शेवटी जीटी १०३० वर नजर स्थिरावली. २०१७ चे कार्ड, अवघे ३० वॅट, पंख्याविना थंड राहणारे. येथेही एक मेख आहे. याच नावाने २०१८ साली डीडीआर४ स्मृतीचे दुसरे कार्ड निघाले. मूळच्या जीडीडीआर५ कार्डाचा स्मृतिवेग सेकंदाला ४८ जीबी, तर या नामधारकाचा सुमारे १७. डब्यावरील बारीक अक्षरे वाचावीच लागतात.

नातू खट्टू झाला होता. दोन जीबी स्मृतीत घर मावणार कसे? आजोबांचे म्हणणे, यंत्राला झेपेल तेच द्यावे. रायपूरशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या माधवराव सप्र्यांनी ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले, तेव्हा घेणाऱ्या भाषेला काय पेलेल याचा विचार त्यांना पानोपानी करावा लागला असेल, असे ते मास्तरी सुरात सांगू लागले. मुलाला ते पटले असे दिसले नाही. शिवाय त्याच्याकडे खरा आक्षेप होता: या पिढीच्या कार्डांसाठी नेहमीचे नवे ड्रायव्हर २०२५ च्या ऑक्टोबरात थांबले, २०२८ च्या ऑक्टोबरापर्यंत केवळ सुरक्षेपुरती डागडुजी मिळणार. विंडोज १० चे पाठबळही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेले. ‘‘आजोबा, म्हणजे दोन-तीन वर्षांचाच खेळ,’’ तो म्हणाला. ‘‘घर तरी कुठे तितके राहणार आहे?’’ आजोबा म्हणाले. त्या विषयावरचे त्यांचे हे पहिले वाक्य होते.

कार्ड बसले. जुन्या मॉनिटरला केवळ व्हीजीएची तार, आणि या कार्डातून तसा संकेत निघतच नाही. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर आणावा लागला. मग ब्लेंडर उघडले. दोन जीबीचा हिशेब सांभाळण्यासाठी मुलाने छपरावरील कौले सुटी घडविली नाहीत. एकच पन्हळी पत्रा करून त्यावर कौलांचे चित्र पसरले. भिंतींचे पोपडे गाळले. लाकडी खांब मात्र चारही बाजूंनी नीट कोरले, कारण माप घेताना त्यांवर हात फिरला होता.

आठवड्याने ओटा उभा राहिला तेव्हा आजोबा खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. बराच वेळ पाहून म्हणाले, ‘‘पायऱ्या पाच.’’

‘‘चारच आहेत, आजोबा. मी मोजल्या.’’

‘‘रस्ता दर वेळी वर चढत गेला. पाचवी डांबराखाली आहे.’’

मुलाने वही उघडली, उंची विचारून लिहून घेतली, आणि जमिनीच्या रेषेखाली एक पायरी काढावयास घेतली.