आईसाठी आणलेली आमरी

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी सुट्टीत मामाच्या गावाहून काहीतरी उचलून आणलंय? कुणी शंख-शिंपले आणतं, कुणी मांजराचं पिल्लू. मी एकदा एक झाड आणलं होतं. ते मी विकत घेतलं नव्हतं, कुणी मला दिलंही नव्हतं. सरळच सांगते, मी ते चोरून आणलं होतं. त्या चोरीची ही गोष्ट.

आमचं गाव म्हसवडजवळ, सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात. माण म्हणजे दुष्काळी मुलूख. आईचं माहेर मात्र महाबळेश्वरचं. जिल्हा एकच, पण महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि आमच्याकडे कसाबसा पाचशे. म्हणजे तिकडचं वर्षभराचं पाणी जागच्या जागी साठवलं, तर दुमजली घर बुडेल. आमच्याकडचं साठवलं, तर जेमतेम गुडघ्यापर्यंत येईल!

आईनं याबद्दल कधी तक्रार केली नाही. दोन कळश्या डोक्यावर घेऊन ती इतर बायकांसारखीच विहिरीवरून यायची. पण जून महिन्यात आमच्या डोक्यावरून ढग नुसतेच पुढे निघून जायचे, तेव्हा दारात उभी राहून म्हणायची, "आता आमच्याकडं धुकं उतरलं असेल." आमच्याकडं म्हणजे माहेरी. आई आमच्या घरात राहते आणि 'आमच्याकडं' मात्र दुसऱ्याच गावाला म्हणते, हे मला फार लागायचं.

१९८७ सालच्या मे महिन्यात, सहावीची परीक्षा झाल्यावर, मी मामाकडे गेले. मामाच्या घरामागे रान होतं. जांभूळ, अंजनी, पिसा अशी बुटकी, दाट झाडं. बुंध्यांवर शेवाळ आणि सगळीकडे सावली. एका वाकड्या फांदीवर आमरी फुलली होती. आमरी म्हणजे ऑर्किड. जाड हिरवी पानं, हवेत लोंबणारी पांढुरकी मुळं आणि गुलाबी फुलांचा तुरा. आई लहानपणी याच फुलांबद्दल सांगायची, हे मी लगेच ओळखलं.

"रानातलं काही तोडायचं नाही हं," मामानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी मान डोलावली होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी फांदीवर चढले, एकेक मूळ नखानं सोडवलं आणि ती आमरी ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी लपवली.

दुसऱ्या दिवशी मामा मला एस.टी.नं पोहोचवायला आला. महाबळेश्वरहून निघालो तेव्हा काचेवर धुक्याचे थेंब होते. पाचगणीला लख्ख ऊन पडलं. पसरणीचा घाट उतरताना डोंगर पिवळे दिसायला लागले. गवत वाळलेलं, मधूनच सावर, पळस. वाईला घाम फुटला. साताऱ्याला गाडी बदलली. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी... खिडकीतून येणारा वारा तापत चालला आणि झाडं खुरटत चालली. शेवटी दिसायला लागल्या त्या फक्त बाभळी, बोरी, हिवर आणि तरवडाची झुडपं. मी मात्र बाहेर बघतच नव्हते. माझा सगळा जीव पिशवीत होता.

घरी पोचल्यावर मी फडकं सोडलं. आईनं फुलाला नाक लावलं. क्षणभर तिचा चेहरा अगदी माझ्याएवढ्या मुलीसारखा झाला. मग तिनं विचारलं, "कुणाला विचारून आणलीस?"

मी गप्प. आई काही बोलली नाही. तिनं जुन्या धोतराची पट्टी फाडून आमरी अंगणातल्या कडुलिंबाला बांधली.

रोज सकाळी मी माझ्या वाटणीच्या पाण्यातला एक तांब्या आमरीला घालायची. मुळं क्षणभर हिरवट दिसायची आणि घटकाभरात पुन्हा पांढरी, कोरडी. पहिल्या आठवड्यात फुलं गळली. दुसऱ्या आठवड्यात पानांना सुरकुत्या पडल्या. मी दोन तांबे घालायला लागले. आजी ओसरीवरून म्हणाली, "पोरी, ते झाड हिकडचं न्हाई. कशाला पानी वाया घालवतीस?" तिसऱ्या आठवड्यात मुळं कागदासारखी चुरली.

मी खूप रडले. म्हटलं, "आई, तू पण तिकडचीच ना? मग तू कशी जगलीस?"

आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी माणूस आहे गं. पाणी लांब असलं तर मी कळशी घेऊन जाते. ऊन लागलं तर सावलीला बसते. तिला पाय कुठं आहेत?"

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. शाळा सुरू झाल्यावर मी आमच्या गुरुजींना सगळं सांगितलं, चोरीसकट. ते रागावतील असं वाटलं होतं. पण ते म्हणाले, "चूक केलीस, ती कळली. आता ती आमरी का मेली, तेही कळू दे. चल." मधल्या सुट्टीत ते मला शाळेमागच्या बांधावर घेऊन गेले.

त्यांनी काठीनं मातीत डोंगर काढला. "पश्चिमेला समुद्र. तिथून वारे बाष्प घेऊन येतात. वाटेत सह्याद्री आडवा उभा. वारा वर चढतो, वर चढला की थंड होतो आणि थंड हवेत बाष्प मावत नाही. ते धुकं आणि पाऊस होऊन तिथंच उतरतं. डोंगर ओलांडून वारा आपल्याकडं येतो तो रिकाम्या हातानं. उतरताना तापतोसुद्धा. आपण डोंगराच्या पर्जन्यछायेत राहतो."

"पण गुरुजी, मी तर रोज पाणी घालत होते!"

"मुळाला घालत होतीस. हवेचं काय? आमरीची मुळं मातीत नसतात. ती दुसऱ्या झाडावर नुसती बसते, त्याचं अन्न खात नाही. तिच्या मुळांवर स्पंजासारखा थर असतो. धुक्यातलं, पावसातलं पाणी तो टिपून घेतो. आपल्या मे महिन्याच्या वाऱ्यात तो स्पंज किती वेळ ओला राहणार?"

मग त्यांनी बाभळीचं एक पान माझ्या तळहातावर ठेवलं. केवढी चिमुकली पानं! "पानांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. झाड त्यांतून हवा घेतं, पण तिथूनच पाणीही उडून जातं. मोठं पान उन्हात फार तापतं. बारीक पान वाऱ्यानं लवकर निवतं. शिवाय हिची मुळं खोल जातात."

मी ऐटीत म्हटलं, "म्हणजे बाभळीनं ऊन बघून पानं लहान केली!"

"इथंच सगळे चुकतात," गुरुजी हसले. "बाभळीनं काही ठरवलं नाही. तुझ्या वर्गात सगळी मुलं सारख्या उंचीची आहेत का? तशी एकाच झाडाची रोपंही सारखी नसतात. एखाद्याचं पान थोडं मोठं, एखाद्याचं मूळ थोडं लांब. दुष्काळ पडला की त्यातली बरीच मरतात. जी तगतात त्यांचंच बी पुढं पडतं आणि त्यांच्या रोपांत तोच गुण उतरतो. असं हजारो पिढ्या चाललं की झाडाची जातच बदलते. निवड हवामान करतं. झाडाला त्याचा पत्ताही नसतो."

बांधावर दोन प्रकारचे निवडुंग होते. एक त्रिधारी, एक फड्या. गुरुजींनी विचारलं, "हे दोघे भाऊ की परके?" मी म्हटलं, "भाऊ! दोघांना काटे, दोघांची खोडं हिरवी, मांसल."

त्यांनी काडीनं त्रिधारीला टोचलं. भळकन पांढरा चीक आला. फड्याला टोचलं, तर नुसतं पाणीदार. (हा प्रयोग तुम्ही करू नका. तो चीक डोळ्यांत गेला तर फार इजा होते.) त्रिधारी निवडुंग आपल्याकडचाच, आणि त्याचा भाऊबंद कोण, तर मोठ्या पानांचा एरंड! फड्या मात्र मूळचा अमेरिका खंडातला. युरोपातली माणसं तिकडे जाऊन आल्यावर तो जगभर पसरला. दोघांची घराणी वेगळी, खंड वेगळे, मध्ये एवढा महासागर. पण दोन्हीकडे कोरडं हवामान होतं. तिथे खोडात पाणी साठवणारेच टिकले, म्हणून परके असून ते भावांसारखे दिसायला लागले. मला आठवतंय, त्या दिवशी मी डबा खायचीच विसरले.

त्या बांधावरच्या मधल्या सुट्टीमुळेच मी पुढे कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं. तिथे अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्याबद्दल वाचलं. हे जर्मन शास्त्रज्ञ १८०२ साली दक्षिण अमेरिकेत, आजच्या इक्वेडोर देशातल्या चिंबोराझो नावाच्या ज्वालामुखीवर चढले. पायथ्याशी दाट जंगल, वर झुडपं, मग गवत, मग फक्त दगडफूल, शेवटी बर्फ. कोणती वनस्पती किती उंचीवर वाढते, हे त्यांनी एकाच डोंगराच्या चित्रात लिहून दाखवलं. ते चित्र १८०७ साली छापलं गेलं. ते पाहून मला आमची एस.टी. आठवली. मीही झाडांच्या एकेक इयत्ता उतरतच घरी आले होते की! फक्त तेव्हा खिडकीबाहेर पाहिलं नव्हतं.

२०१२ साली काही शास्त्रज्ञ पुन्हा चिंबोराझोवर गेले आणि त्यांनी हुम्बोल्ट यांच्या नोंदी ताडून पाहिल्या. दोनशे वर्षांत वनस्पती डोंगरावर कितीतरी वर सरकल्या होत्या. नेमक्या किती, यावर पुढे वाद झाला. कुणी पाचशे मीटर म्हणतं, कुणी दोन-अडीचशे. पण त्या वर सरकल्या, हे दोघांनाही मान्य आहे. पृथ्वी तापते आहे, म्हणून थंडाव्यात वाढणारी झाडं वरवर चालली आहेत. एकेकटं झाड चालत नाही, हे आईनं सांगितलेलं खरंच आहे. पण बी वर पडतं, तिथं रुजतं, खालची रोपं मरतात. पिढ्यान् पिढ्या गेल्या की झाडांची जात चालल्यासारखी दिसते.

२०२४ च्या मे महिन्यात मी माझ्या भाचीला घेऊन महाबळेश्वरला गेले. ती सातवीत. आम्ही विल्सन पॉइंटवर उभ्या होतो. तिला हे सगळं सांगत होते. ती म्हणाली, "आत्या, मग इथली झाडं पण वर जातील ना?"

म्हटलं, हिशेब कर. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे एका अंशाला किती? तिनं तोंडी भागाकार केला, "सुमारे दीडशे मीटर." जगाचं सरासरी तापमान गेल्या दीडशे वर्षांत एका अंशाहून जास्त वाढलंय. महाबळेश्वर गाव आहे सुमारे साडेतेराशे मीटरवर, आणि आम्ही उभ्या होतो ते इथलं सर्वांत उंच ठिकाण, सुमारे १,४४० मीटर.

तिनं वर पाहिलं. वर फक्त आकाश होतं.

"पुढे डोंगरच नाही गं," ती हळूच म्हणाली.

हा हिशेब ढोबळ आहे, हे मी तिला सांगितलं. झाडांना ऊन-थंडीइतकाच पाऊसही लागतो. डोंगराच्या घळीत, ओढ्याकाठी गारवा टिकून राहतो, तिथे काही जाती तग धरतील. पण हिमालयातल्या झाडांना वर जायला जेवढी जागा आहे, तेवढी सह्याद्रीत नाही. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच कळसूबाईचं शिखरसुद्धा १,६४६ मीटरच आहे. म्हणून इथलं उरलेलं रान तोडलं, जाळलं, तर त्या झाडांना जायला दुसरं घर नाही.

परतताना वाटेत वाऱ्यानं मोडलेली एक फांदी पडली होती. तिच्यावर आमरीचं छोटं रोप चिकटलेलं होतं, जिवंत. भाचीनं ते उचललं. "आत्या, आजीसाठी नेऊ या? पडलेलंच तर आहे. चोरी नाही ही."

एक क्षण मलाही मोह झाला. आई आता पंचाहत्तरीची आहे. गुडघ्यांमुळे तिला माहेरी जाणं होत नाही. पण मग मला तो कडुलिंब आठवला. आम्ही जवळच्याच अंजनीच्या फांदीवर, सावलीच्या बाजूला, ते रोप सुतळीनं बांधलं आणि फोनवर त्याचा फोटो काढला.

घरी आल्यावर आईला फोटो दाखवला. चष्मा लावून तिनं तो बराच वेळ पाहिला.

"कुठल्या झाडावर आहे?" तिनं विचारलं.

"अंजनीवर. मामाच्या घरामागंच."

"मग जगेल," आई म्हणाली आणि फोन नातीच्या हातात देऊन उठली. अंगणातल्या कडुलिंबाच्या रोपांना पाणी घालायची वेळ झाली होती.